जमिनीखालच्या इंधनटाकीची गळती: रोजच्या घट-वाढीच्या नोंदीतून काय कळते?

तेलमापक

पेट्रोल पंपांच्या साठ्याची तपासणी हे माझे काम असल्यामुळे टाकी गळते आहे की नाही हे कसे ओळखावे, असा प्रश्न पंपचालक मला वारंवार विचारतात आणि बहुतेकांना उत्तरादाखल एखाद्या यंत्राचे नाव हवे असते. माझे मत थोडे वेगळे आहे. पंपावर जी साठा नोंदवही रोज भरली जातेच, तिच्यातील घट-वाढीचा, म्हणजे हिशेबाने असायला हवा तो साठा आणि प्रत्यक्ष मोजलेला साठा यांतील फरकाचा, रकाना नीट वाचला तर अनेक गळत्या वेळेत लक्षात येतात. आणि तो रकाना वाचण्याची सवय नसेल तर महागडे यंत्र बसवूनही त्याने दिलेल्या इशाऱ्याचा अर्थ लागत नाही. म्हणून हा धागा प्रामुख्याने त्या रकान्याविषयी आहे.

आपल्याकडे सर्रास आढळणारी 20 किलोलिटरची आडवी टाकी घ्या. तिचा व्यास 2 मीटर आणि लांबी सुमारे 6.6 मीटर धरली, तर ती निम्मी भरलेली असताना इंधनाचा पृष्ठभाग 13 चौरस मीटरांहून किंचित जास्त भरतो, म्हणजे डिप रॉडवरच्या (पातळी मोजण्यासाठी टाकीत बुडवायच्या खुणांच्या काठीवरच्या) एका मिलिमीटरमागे साधारण 13 लिटर इंधन असते. मुरलेला माणूसही रॉडवरची ओल दोन-तीन मिलिमीटरपेक्षा बारीक खात्रीने वाचू शकत नाही, आणि पेट्रोल तर वाचेवाचेपर्यंत उडून जाते. त्यामुळे एका डिपमागे, म्हणजे अशा एका मोजणीमागे, 30 ते 40 लिटरचा फरक गृहीतच धरावा लागतो. आता अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दरमहा देखरेखीच्या पद्धतींसाठी घातलेली अट पाहा. तासाला 0.2 गॅलन, म्हणजे सुमारे 0.76 लिटर, इतकी गळती त्या पद्धतीने 95 टक्के खात्रीने पकडली पाहिजे आणि खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण 5 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. या वेगाने रात्रीच्या आठ तासांत सहा लिटर जातात, म्हणजे पातळी अर्ध्या मिलिमीटरनेही उतरत नाही. दिवसाला मात्र 18 लिटर आणि महिन्याला सुमारे 545 लिटर इंधन जमिनीत मुरते.

यावरून डिप रॉड निरुपयोगी आहे असा निष्कर्ष अनेक जण काढतात, तो मला मान्य नाही. एका दिवसाची घट-वाढ निरुपयोगी आहे, हे खरे. परंतु रोजची घट-वाढ तिच्या अधिक-उणे चिन्हासह आदल्या दिवसाच्या बेरजेत मिळवत गेलो, तर एक गंमत घडते. आज रात्रीची अखेरची डिप हीच उद्या सकाळची सुरुवातीची डिप असते. ती आज 30 लिटर जास्त वाचली गेली असेल, तर आज 30 लिटरची खोटी वाढ दिसेल आणि उद्या तेवढीच खोटी घट. बेरजेत दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. महिन्याच्या बेरजेत केवळ पहिल्या आणि शेवटच्या डिपमधील चूक शिल्लक राहते, मधल्या सगळ्या नाहीशा होतात. गळती मात्र कशातही वजा होत नाही, ती साचत जाते. म्हणून रोजच्या आकड्याऐवजी या चढत्या बेरजेचा आलेख काढावा. साध्या चौकटीच्या वहीत काढला तरी चालतो.

अर्थात ही बेरीज खाली सरकते आहे एवढ्यावरून टाकी फुटली असे ठरत नाही. ती कोणत्या गतीने आणि केव्हा सरकते, हे पाहावे लागते. नोझलचे मीटर दाखवते त्यापेक्षा थोडे जास्त इंधन बाहेर जात असेल, तर घट विक्रीच्या प्रमाणात होते. 6,000 लिटरच्या विक्रीवर 0.2 टक्के म्हणजे 12 लिटर, ही रक्कम खऱ्या गळतीच्या फार जवळ जाते आणि म्हणूनच फसवते. तिचा उलगडा बंदच्या किंवा लक्ष्मीपूजनाच्या मंद दिवशी होतो, कारण त्या दिवशी विक्री घसरते आणि मीटरमुळे होणारी घटही तिच्याबरोबर घसरते. टाकीची गळती विक्रीकडे पाहत नाही, ती घड्याळाकडे पाहते. टँकर आला त्याच दिवशी बेरीज पायरीसारखी उतरत असेल आणि एरवी सपाट चालत असेल, तर प्रश्न मालाच्या मोजणीचा आहे. घट फक्त टाकी बरीच भरलेली असताना होत असेल आणि एका ठरावीक पातळीखाली थांबत असेल, तर छिद्र त्या उंचीवर असू शकते, किंवा टाकीच्या वरच्या बाजूचा एखादा जोड सैल झालेला असू शकतो. मात्र अशाच प्रकारची घट डिप चार्ट, म्हणजे पातळीवरून लिटर काढण्याचा तक्ता, चुकीचा असल्यामुळेही दिसते. टाकी एका बाजूला कलली असेल आणि चार्ट सपाट टाकीचा असेल, तर चूक पातळीनुसार बदलते. फरक असा, की चार्टमुळे खालच्या पातळीला झालेली घट टाकी पुन्हा भरल्यावर वाढ होऊन परत येते. गळालेले इंधन परत येत नाही.

तापमानाचा मुद्दा राहिला. पेट्रोलचे आकारमान एका अंशामागे साधारण हजारात एक भाग बदलते, डिझेलचे थोडे कमी. उन्हाळ्यात 38 अंशांचे 12,000 लिटर पेट्रोल 28 अंशांच्या टाकीत उतरले, तर ते गार होईपर्यंत सुमारे 120 लिटरने आक्रसते, आणि ही घट एका क्षणात न दिसता पुढच्या काही दिवसांत पसरून दिसते. ज्यांनी नुसते लिटर मोजले, त्यांना ही गळतीच वाटेल. डेन्सिटी काढताना तापमान घेतले जातेच. तोच आकडा साठ्याच्या हिशेबालाही लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

सभासदांनी आपापले अनुभव आणि आक्षेप लिहावेत.

पंपचालक_विदर्भ

तेलमापक, लेख अतिशय उपयुक्त आहे. चढत्या बेरजेत डिपच्या चुका एकमेकींना खातात, हे इतकी वर्षे वही भरूनही माझ्या लक्षात आले नव्हते. आमच्याकडे तपासणीला येणारे अधिकारी घट-वाढ टक्केवारीच्या मर्यादेत आहे का, एवढेच पाहतात. ती रोज एकाच बाजूला झुकते आहे का, हे कोणी विचारत नाही.

माझ्या दोन शंका आहेत. रोज सकाळी पाच लिटरच्या मापाने नोझल तपासून ते इंधन परत टाकीत ओततो, ते विक्रीतून वजा करण्यात एखाद्या दिवशी चूक झाली तर बेरीज कायमची बिघडते का? आणि दुसरे असे, की आमच्या जुन्या बाजूला पंप जमिनीवरच्या यंत्रातच आहे आणि तो टाकीतून इंधन ओढतो, तर नव्या बाजूला टाकीत बुडालेला एसटीपी (सबमर्सिबल टर्बाइन पंप) इंधन वर ढकलतो. गळतीच्या दृष्टीने या दोन्हींत फरक पडतो का?

तेलमापक

पहिल्या शंकेचे उत्तर होय असे आहे, बेरीज तेवढ्याने सरकते. परंतु ती एकदाच सरकते आणि नंतर पुन्हा सपाट चालते, त्यामुळे आलेखावर ती गळतीसारखी उतरती रेघ न दिसता एक पायरी दिसते. पायरीच्या तारखेला वहीत काय घडले ते शोधावे आणि कारण समोर लिहून ठेवावे. त्याच पाच लिटरच्या मापात 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक वैधमापनाच्या नियमांत बसतो, म्हणजे अर्धा टक्का. त्यामुळे मीटर नियमात आहे याचा अर्थ मीटरमुळे घट होत नाही, असा घेऊ नये. माप ओतताना नेमका किती मिलिलिटर फरक दिसला, ते चिन्हासह लिहीत जावे. मीटरचा वाटा वेगळा काढायला त्याच्याइतके स्वस्त साधन नाही.

दुसऱ्या प्रश्नातला फरक फार मोठा आहे, आणि खरे सांगायचे तर टाकीपेक्षा पाइपची काळजी आधी करावी, असे मी म्हणेन. ओढणाऱ्या पंपाच्या पाइपला भेग पडली तर पंप चालू असताना इंधन बाहेर जाण्याऐवजी हवा आत येते. नोझल अडखळते, सकाळच्या पहिल्या ग्राहकाला फेस आणि हवा मिळते, यंत्र घरघरते. ही तक्रार मेकॅनिककडे जाते आणि अनेकदा पंपाचा दोष म्हणून मिटवली जाते. जुन्या मांडणीत पाइपच्या खालच्या टोकाला, टाकीच्या आत, फूट व्हॉल्व्ह असतो. तो पाइप सतत भरलेला ठेवतो, म्हणून पंप बंद असताना भेगेतून इंधन जमिनीत झिरपते. हाच एकदिशा झडपेचा बंदोबस्त वर, यंत्राच्या लगेच खाली केला आणि पाइपला टाकीकडे उतार दिला, तर भेग पडताच इंधन मागे टाकीत उतरते. अमेरिकेच्या नियमांत अशा रचनेच्या पाइपला वेगळ्या गळतीशोधनाची अटच नाही.

एसटीपीच्या बाजूला सगळे उलटे होते. पाइपमध्ये दाब असल्यामुळे लहान छिद्रातूनही इंधन जोराने बाहेर पडते आणि विक्री चालू असेपर्यंत कोणाला काही जाणवत नाही. त्यासाठी एसटीपीच्या डोक्यावर लाइन लीक डिटेक्टर बसवतात. त्याने 10 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाला तासाला 3 गॅलन, म्हणजे सुमारे 11.4 लिटर गळती तासाभरात पकडून प्रवाह अडवावा, अशी अपेक्षा असते. नोझल एकाएकी संथ झाले तर तो डिटेक्टर आपले काम करत असण्याची शक्यता असते. ‘स्पीड येत नाही’ म्हणून तो काढून ठेवलेली ठिकाणे मी पाहिली आहेत, आणि याहून धोकादायक दुरुस्ती मला ठाऊक नाही.

उपकरणी

स्वयंचलित टँक गेज म्हणजे एटीजी बसवणे आणि त्याची देखभाल करणे, हा माझा व्यवसाय आहे, म्हणून त्या बाजूने थोडे लिहितो. टाकीत उभ्या सोडलेल्या प्रोबमध्ये एक तार असते, तिच्यावर चुंबक असलेला तरंगता गोळा वरखाली होतो. तारेतून विजेचा स्पंद सोडला की गोळ्याच्या ठिकाणी तारेला सूक्ष्म पीळ बसतो आणि त्याची लहर वर परत येते. तिला लागलेल्या वेळावरून पातळी काढली जाते. यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचे बदल टिपता येतात, आणि प्रोबवर वेगवेगळ्या उंचीवर तापमापक असल्यामुळे आकारमान तापमानानुसार सुधारून घेता येते. तेलमापक म्हणतात तो अर्ध्या मिलिमीटरचा बदल म्हणूनच एटीजीला दिसू शकतो.

परंतु ‘दिसू शकतो’ या शब्दांवर मी जोर देईन. गळतीची चाचणी घ्यायची तर टाकी काही तास शांत हवी, म्हणजे त्या काळात विक्री नको आणि टँकर रिकामा करून पुरेसा वेळ उलटलेला हवा. नुकतेच ओतलेले इंधन थंड-गरम होत असते, टाकीची टोके इंधनाच्या वजनाने किंचित फुगतात, पृष्ठभागावर लाटा असतात. महामार्गावरचा पंप चोवीस तास चालतो, त्याला अशी शांतता मिळत नाही. त्याच्यासाठी सतत चालणारी सांख्यिकी पद्धत असते, जी दोन वाहनांमधले शांत तुकडे वेचून महिनाभरात निष्कर्षापर्यंत पोहोचते. मी पाहिलेल्या अनेक पंपांवर एटीजी केवळ साठा दाखवण्यासाठी आणि मुख्यालयाला आकडे पाठवण्यासाठी वापरला जातो. गळतीचाचणीची सोय चालूच केलेली नसते. पडद्यावर हिरवा दिवा आहे म्हणून चाचणी झाली, असे समजू नये. चाचणीचा छापील निकाल, त्यावरची तारीख आणि त्या वेळची इंधनपातळी मागावी. पातळीचा आग्रह अशासाठी, की टाकी एक तृतीयांश भरलेली असताना घेतलेली चाचणी वरच्या दोन तृतीयांश पत्र्याविषयी काहीही सांगत नाही.

आणखी एक मुद्दा नव्या इंधनाचा आहे. पूर्वी टाकीत पाणी शिरले की ते तळाशी बसायचे, वॉटर फाइंडिंग पेस्ट रंग बदलायची आणि प्रोबचा पाण्याचा गोळा वर यायचा. 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये शिरलेले थोडे पाणी इथेनॉलमध्ये विरघळून जाते, तळाशी काहीच दिसत नाही. पाण्याचे प्रमाण सहनशक्तीबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून एकदम खाली बसतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. त्यामुळे पाणी दिसत नाही म्हणजे टाकी घट्ट आहे, हा जुना आडाखा आता पेट्रोलच्या टाकीला लावता येणार नाही. डिझेलला तो अजून लागू पडतो.

शंकासुर

चर्चा माहितीपूर्ण आहे, पण मला एक मूलभूत शंका आहे. आकडे हाताशी असूनही माणसे ते मानत नसतील, तर पद्धत कितीही बारीक असून उपयोग काय? हवाई बेटांवरील अमेरिकी नौदलाच्या रेड हिल या भूमिगत इंधनसाठ्याचे उदाहरण घ्या. 1940 ते 1943 या काळात डोंगराच्या पोटात बांधलेल्या तिथल्या 20 टाक्यांपैकी प्रत्येकीत 1.25 कोटी गॅलन इंधन मावत असे, आणि त्यांच्या तळापासून सुमारे 100 फूट खाली होनोलुलूला पाणी पुरवणारा भूजलसाठा होता. जानेवारी 2014 मध्ये दुरुस्तीनंतर नुकत्याच भरलेल्या पाच क्रमांकाच्या टाकीतून सुमारे 27,000 गॅलन इंधन गेले. टाकीचा व्यास 100 फूट धरला तर एवढ्याने पातळी जेमतेम 14 सेंटिमीटर उतरते. मे 2021 मध्ये पाइपमधील दाबाच्या धक्क्याने सुमारे 20,000 गॅलन इंधन बाहेर पडून अग्निशमन यंत्रणेच्या निचरा पाइपमध्ये जाऊन बसले, पण सांडल्याची नोंद मात्र त्याच्या छोट्याशा अंशाचीच झाली. उरलेल्या इंधनाचा हिशेब लागत नव्हता आणि तो लावला गेला नाही. 20 नोव्हेंबर 2021 रोजी एका गाडीचा धक्का लागून त्याच पाइपचा व्हॉल्व्ह तुटला आणि ते इंधन पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचले. सुमारे 93,000 लोकांना त्याचा फटका बसला आणि मार्च 2022 मध्ये तो साठा कायमचा बंद करण्याचा निर्णय झाला.

तिथे यंत्रे होती, प्रशिक्षित माणसे होती, पैसा होता. मग आपल्या तालुक्याच्या पंपावर चौकटीच्या वहीने काय साधणार?

तेलमापक

शंकासुर, आपण दिलेले उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देण्याऐवजी पुष्टी देते, असे मला वाटते. मे ते नोव्हेंबर या सहा महिन्यांत कोणतेही नवे यंत्र नको होते. हिशेबात न लागणारे 20,000 गॅलन कुठे गेले, एवढा प्रश्न धरून बसणारा एक कारकून पुरेसा होता. तालुक्याच्या पंपावर मालक, व्यवस्थापक आणि वही भरणारा बहुधा एकाच खोलीत बसतात. तिथे हा प्रश्न धरून बसणे तुलनेने सोपे आहे, शिवाय प्रत्येक लिटर त्यांच्या खिशातून जात असतो.

तरीही हिशेबाच्या मर्यादा मी नाकारत नाही. अमेरिकेतच महिन्याच्या हिशेबाची मर्यादा विक्रीच्या एक टक्का अधिक 130 गॅलन अशी आहे. महिन्याला 150 किलोलिटर विकणाऱ्या पंपाला ती लावली, तर जवळजवळ 2,000 लिटर गेले तरी नियमभंग होत नाही. म्हणूनच तिथे ही पद्धत एकटी चालत नाही. टाकी बसवल्यापासून पहिली दहा वर्षे आणि दर पाच वर्षांनी तासाला 0.1 गॅलनची गळती पकडणाऱ्या घट्टपणाच्या चाचणीसह, अशीच तिला मुभा दिली गेली. मर्यादेच्या आत असणे आणि गळती नसणे यांत अंतर आहे, हे मी प्रत्येक पंपावर सांगतो.

कातळशोध

मी भूजलाच्या क्षेत्रात काम करतो. वरच्या चर्चेत टाकीच्या आतले सगळे आले, पण बाहेरचे पाणी आले नाही, आणि महाराष्ट्रात ते वगळून चालणार नाही.

समजा, टाकीच्या तळाला छिद्र आहे आणि टाकीत दीड मीटर पेट्रोल आहे. पेट्रोलची घनता पाण्याच्या सुमारे 0.74 पट असल्यामुळे त्याचा तळावरचा दाब साधारण 1.1 मीटर पाण्याएवढा होतो. पावसाळ्यात टाकीभोवतीच्या खड्ड्यात पाणी तळापासून 1.1 मीटर चढले, की आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. त्या पातळीला इंधन बाहेर जात नाही आणि पाणी आत येत नाही. या अवस्थेत एटीजीची चाचणी घेतली तर ती निर्दोष ठरेल आणि चढती बेरीजही सपाट राहील. टाकी रिकामी होत गेली तर पाणी आत येईल, भरली तर इंधन बाहेर जाईल. कोकणात आणि नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत हे काल्पनिक नाही. म्हणून चाचणीच्या दिवशी टाकीच्या खड्ड्यातील पाण्याची पातळी किती होती, हे निकालासोबत नोंदवले पाहिजे, आणि शक्य असेल तिथे एक चाचणी मे महिन्यात घ्यावी. पावसाळ्यात घट थांबते आणि दिवाळीनंतर पुन्हा सुरू होते, असा आलेख दिसला तर मी तरी तापमानाचे कारण पुढे करण्याआधी भूजलपातळी पाहीन.

दुसरा मुद्दा निरीक्षण विहिरींचा. पेट्रोल पाण्यावर तरंगते, त्यामुळे टाकीजवळ नळीवजा विहीर खणून तिच्यातील पाण्यावर इंधनाचा तवंग येतो का, हे पाहण्याची पद्धत आहे. अमेरिकी नियमांनुसार ती वापरायची तर पाणी जमिनीपासून 20 फुटांच्या आत असावे लागते आणि भोवतालची माती वाळूसारखी पाझरणारी असावी लागते. आपला बहुतांश प्रदेश बेसाल्टचा आहे. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली सांध्यांनी भेगाळलेला कातळ. कातळात इंधन सरळ न पसरता भेगांच्या वाटेने जाते. दहा फुटांवरची निरीक्षण विहीर स्वच्छ राहते आणि दोन शेते पलीकडच्या विहिरीला वास येतो. टाकीचा खड्डा वाळूने भरलेला असतो, म्हणून निरीक्षण नळी त्या वाळूतच, तळापर्यंत उतरवलेली असावी. तेवढीच जागा अशी आहे, जिथे गळलेले इंधन आधी येणार याची खात्री देता येते. काळ्या मातीविषयीही एक सांगायला हवे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे पाइपच्या जोडांवर दरवर्षी ताण येतो. विदर्भ-मराठवाड्यात टाकीपेक्षा पाइपचे जोड आधी तपासावेत, या तेलमापकांच्या मताशी मी सहमत आहे.

मातीतील वाफ तपासण्याचे यंत्र पेट्रोलसाठी बरे चालते. डिझेल फार कमी उडते, त्यामुळे तिथे त्याच्यावर विसंबू नये.

रुग्णालय_अभियंता

आमच्या रुग्णालयात जनित्रासाठी जमिनीखाली डिझेलची लहान टाकी आहे. तिथे विक्रीच नाही, त्यामुळे मीटर, टोटलायझर (एकूण विकलेले लिटर दाखवणारा आकडा), रोजची वही असे काहीच नाही. जनित्र किती तास चालले यावरून डिझेलचा अंदाज बांधतो, पण भारानुसार वापर बदलतो. अशा टाकीची गळती कशी ओळखावी?

उपकरणी

आपली टाकी एका दृष्टीने पंपापेक्षा सोपी आहे, कारण तिला भरपूर शांतता मिळते. वीज खंडित होणार नाही असा शनिवार-रविवार पाहून टाकीतून काहीही न काढता आणि तिच्यात काहीही न घालता किमान 36 तास ठेवा. सुरुवातीला दोनदा डिप घेऊन सरासरी काढा, शेवटीही तसेच करा. 550 गॅलनपर्यंतच्या, म्हणजे सुमारे 2,080 लिटरच्या टाकीसाठी अमेरिकी नियमांत एका आठवड्याला 10 गॅलन आणि चार आठवड्यांच्या सरासरीला 5 गॅलन, म्हणजे अनुक्रमे 38 आणि 19 लिटर, ही मर्यादा आहे. टाकी लहान असल्यामुळे एका मिलिमीटरमागचे लिटरही कमी असतात आणि डिप रॉड इथे खरोखर उपयोगी पडतो. टाकी मोठी असेल तर प्रोब बसवा.

मात्र त्या काळात जनित्राजवळच्या छोट्या टाकीकडे जाणारा पाइप बंद आहे, याची खात्री करा. त्या छोट्या टाकीतून जादा डिझेल परत आणणारा पाइप अनेक ठिकाणी विसरला जातो. तो कुठून जातो हे नकाशावर नसेल तर आधी शोधून काढा, कारण त्याच्यावर कोणाचेच लक्ष नसते.

एडिसनकर

न्यू जर्सीतील मराठी मंडळींसाठी या विषयाची एक बाजू फार जवळची आहे, म्हणून लिहितो. इथली अनेक जुनी घरे पूर्वी तेलावर तापवली जात आणि तेलाची टाकी अंगणात पुरलेली असे. 550 गॅलनची टाकी नेहमी आढळते. पुढे घर गॅसवर गेले, टाकी मात्र जमिनीतच राहिली, कधी रिकामी करून तर कधी तशीच. घरगुती वापराच्या अशा टाक्यांना केंद्रीय नियम लागू नाहीत, त्यामुळे वर सांगितलेली कोणतीही देखरेख तिच्यावर कधीच झालेली नसते. घर विकत घेण्याआधी धातुशोधक किंवा जमिनीतून आरपार पाहणारे रडार घेऊन अंगणाची तपासणी करून घ्यावी. तिला इथे टँक स्वीप म्हणतात आणि गृहतपासणीत ती आपोआप धरलेली नसते, वेगळी सांगावी लागते. तळघराच्या भिंतीतून आलेल्या दोन तांब्याच्या चेपलेल्या नळ्या किंवा भिंतीलगत जमिनीतून वर आलेला लोखंडी पाइप दिसला, तर विक्रेत्याला थेट विचारावे. टाकी सापडली आणि माती दूषित निघाली तर राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवावे लागते. सफाई पूर्ण झाल्याचे खात्याचे पत्र हाती येईपर्यंत व्यवहार पुढे नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अशा सापडलेल्या टाकीची गळतीचाचणी करण्यात अर्थ नसतो. ती काढून टाकून खालची माती तपासणे हाच मार्ग उरतो.

शंकासुर

म्हणजे मुळात दुहेरी भिंतीची टाकी घेतली तर हा सगळा खटाटोप टळेल ना?

उपकरणी

बराचसा टळेल. दोन भिंतींमधल्या पोकळीत कोरडेपणाचा सेन्सर, मिठाचे पाणी किंवा निर्वात ठेवून लक्ष ठेवता येते. युरोपीय मानक इएन 13160 मध्ये दाब किंवा निर्वातावर चालणारी पद्धत पहिल्या वर्गात येते, कारण तिच्यात आतली अथवा बाहेरची कोणतीही भिंत फुटली तरी इंधन जमिनीत जाण्याआधीच इशारा मिळतो. साध्या सेन्सरला बाहेरची भिंत फुटलेली कळेलच असे नाही. अमेरिकेत 11 एप्रिल 2016 नंतर बसवलेल्या टाक्यांना दुहेरी रचना आणि पोकळीवर देखरेख बंधनकारक आहे. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, रुग्णालये आणि निवासी भागापासून 50 मीटर अंतराची अट त्यातलीच. मात्र जुन्या एकेरी पत्र्याच्या टाक्या अजून कितीतरी वर्षे वापरात राहणार आहेत, आणि दुहेरी टाकीला जोडलेले पाइपचे जोड व भरण्याच्या तोंडाची चौकट दुहेरी नसेल, तर आपण फक्त दुबळी जागा बदलली असे होते.

पंपचालक_विदर्भ

शेवटची विचारणा. आलेख घड्याळाप्रमाणे उतरतो आहे, मीटर तपासले आहे, टँकरच्या तारखांशी संबंध नाही, असे दिसले तर पहिल्या दिवशी नेमके काय करावे?

तेलमापक

त्या टाकीतून विक्री त्याच दिवशी थांबवावी आणि एसटीपीचा वीजपुरवठा तोडावा. मग एसटीपीच्या खड्ड्यात आणि वितरण यंत्रांखालच्या चौकटींत इंधन साचले आहे का ते पाहावे, कारण निम्मी उत्तरे तिथेच मिळतात. तेल कंपनीला लेखी कळवावे आणि गळतीची खात्री झाल्यास नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोच्या (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेच्या) संबंधित कार्यालयालाही. टाकीतील इंधन कंपनीच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवावे. पाइप आणि टाकी एकमेकांपासून तोडून वेगवेगळी तपासावी, नाहीतर एकत्र चाचणीत दोष कोणाचा ते कळत नाही. इंधन किंवा त्याची वाफ असलेल्या टाकीत कॉम्प्रेसरने हवा भरून दाब पाहण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाला पंपाबाहेर काढावे. ती चाचणी नव्हे, स्फोटाची तयारी आहे.

याच दिवशी शेजारची गटारे, तळघरे आणि केबलचे खड्डे तपासायला हवेत. 22 एप्रिल 1992 रोजी मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात पाइपलाइनमधून गळलेले पेट्रोल गटारांत शिरून साखळी स्फोट झाले आणि 200 हून अधिक माणसे गेली. वासाची तक्रार त्याआधीच आलेली होती. गटाराचे झाकण उघडताना बॅटरीसुद्धा स्फोटरोधकच असावी आणि वायुमापक नसेल तर झाकण न उघडता अग्निशमन दलाला बोलवावे.

कातळशोध

त्यात एक भर घालतो. टाकी रिकामी करण्याआधी आसपासच्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी तपासणीसाठी घ्या, पंपाच्या वरच्या अंगाचे आणि उताराच्या अंगाचेही. पेयजलात बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. एवढ्या अल्प प्रमाणाचा वास माणसाला येत नाही, म्हणून वास नाही या कारणासाठी कोणतीही विहीर वगळू नका. नमुना काचेच्या बाटलीत, वर हवेचा बुडबुडाही न ठेवता काठोकाठ भरून, बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवावा. प्लास्टिकच्या बाटलीत नेलेल्या नमुन्याचा निकाल ग्राह्य धरू नये.